वजन माथ्यावर

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतरा येते. छत्तीसगडच्या औद्योगिक विकास महामंडळाची ही वसाहत लोखंडाची आहे. लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत घालून स्पंज आयर्न काढायचे, ते इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट ओतायचे आणि बिलेट लाटून सळया करायच्या, हा सगळा प्रवास इथे काही किलोमीटरांच्या आत होतो. पाटीवरच्या अक्षराची इतकी कठोर परीक्षा घेणारी जागा क्वचितच सापडेल. वाचणारा असतो ट्रेलरच्या उंच केबिनमधला चालक, पुष्कळदा परराज्यातून आलेला. कुठल्या फाटकातून आत वळायचे, वजनकाटा कुठे, कशापासून अंग राखायचे, हे त्याला गाडी चालती ठेवूनच कळायला हवे. त्यात हवेतली काळी भुकटी सतत पाटीवर बसत असते. नव्या रंगात देखणी दिसणारी बारीक रेघ आधी दिसेनाशी होते, मग अक्षराच्या पोटातली बारीक जागा बुजते. उरते ते फक्त जाड, आणि तेही योग्य जागी जाड असेल तरच वाचता येते. या प्रकरणाचा विषय ती योग्य जागा आहे.

अशा ठिकाणी कोणते अक्षर शोभेल, असे विचारले तर छपाई आणि जाहिरातीच्या व्यवसायात एक ठरीव उत्तर मिळते: स्लॅब सेरिफ. रोमन अक्षराच्या उभ्या दांड्याला वर-खाली जी आडवी टोके असतात ती सेरिफ. पुस्तकी छपाईत ती नाजूक, निमुळती असतात. तीच टोके दांड्याइतकी जाड आणि चौकोनी केली की अक्षर लोखंडी तुळईसारखे दिसू लागते. म्हणून कारखाने, अवजारे, बांधकाम, मालवाहतूक यांच्या जाहिरातींत हे वळण सर्रास येते. मग त्याचे देवनागरी रूप करायची वेळ आली की पहिली कल्पना सुचते ती अशी: ‘म’, ‘न’, ‘त’ यांच्या उभ्या दांड्याला तळाशी तसाच चौकोनी पाय जोडावा. दिसायला हे जुळते. माझ्या मते मात्र तो चुकीचा रस्ता आहे. स्लॅब सेरिफचे बळ पायांत नाही, ते आडव्या रेघेला उभ्या रेघेचे वजन देण्यात आहे. आणि हे काम देवनागरीत शिरोरेषा कित्येक शतके करत आलेली आहे. देवनागरीला ठळक, भक्कम, दुरून वाचता येणारे वळण द्यायचे तर वजन माथ्यावर ठेवावे आणि पाय मोकळे सोडावेत.

हे पटण्यासाठी स्लॅब सेरिफ मुळात कशासाठी जन्माला आले ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर लॉटऱ्यांच्या, नाटकांच्या आणि दुकानांच्या जाहिरातींची झुंबड उडाली. तोवर खिळे ओतले जात ते पुस्तकांसाठी, म्हणजे हातात धरून वाचायच्या मजकुरासाठी. भिंतीवरच्या कागदाला ते पुरेनात. तेव्हा ओतकामवाल्यांनी आधी सोपा उपाय केला. पुस्तकी अक्षराचे उभे दांडे फुगवले आणि आडव्या रेघा केसासारख्या बारीकच ठेवल्या. यातून आलेल्या लठ्ठ वळणाचे श्रेय सहसा रॉबर्ट थॉर्नला दिले जाते. ते डोळ्यात भरत असे, पण त्यात एक उणीव राहिली होती. जवळून ऐटदार दिसणारे हे अक्षर चार पावले मागे सरकले की उभ्या काळ्या पट्ट्यांची रांग होई, कारण त्या पट्ट्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा दुरून दिसतच नसत. ‘इ’ कुठला आणि ‘एफ’ कुठला हे सांगतात त्या आडव्या रेघाच, आणि नेमक्या त्याच गायब. 1815 च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने आपल्या नमुन्यांत ‘अँटिक’ नावाची मोठी अक्षरे दाखवली. त्यांत आडव्या रेघा आणि सेरिफ उभ्या दांड्यांच्या जवळपास बरोबरीचे जाड होते. बदल एवढाच, पण अक्षराचा सांगाडा दुरूनही दिसू लागला. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते, त्यामुळे या वळणाला ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. त्याचा पिरॅमिडशी काही संबंध नाही.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो. 1827 च्या सुमारास अमेरिकेत डॅरियस वेल्सने यंत्राने लाकडी ठसे कापायला सुरुवात केली आणि हातभर उंचीची अक्षरे स्वस्त झाली. 1845 मध्ये लंडनच्या रॉबर्ट बेस्लीने ‘क्लॅरेंडन’ काढले. त्यात दांडा आणि पाय यांच्या सांध्यात हलकी गोलाई दिली होती, त्यामुळे चौकोनीपणा थोडा निवळला आणि शब्दकोशातले ठळक शब्द छापायलाही ते वळण चालू लागले. बेस्लीने तीन वर्षांची नोंदणी मिळवली होती. ती मुदत संपताच इतरांनी नकला काढल्या. विसाव्या शतकात जर्मनीत मेम्फिस आणि सिटी, इंग्लंडमध्ये रॉकवेल अशी भूमितीत बसवलेली स्लॅब वळणे आली. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की हे वळण लोखंडातून आलेले नाही. ते शिशाचे खिळे, लाकडाचे ठसे आणि ओल्या भिंतीला डकवलेला कागद यांतून आले. कारखान्याशी त्याचे नाते नंतर जुळले, कारण कारखान्यांचा काळ आणि त्याचा काळ एकच होता. म्हणून ‘लोखंडाला लोखंडी अक्षर’ एवढ्या कारणासाठी त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. त्याने कोणता प्रश्न सोडवला, तो आपल्या लिपीत आहे का, आणि असेल तर आपल्याकडे त्याला काय उत्तर आहे, हे विचारायला हवे.

टाइपरायटरने हा प्रश्न आणखी स्वच्छ मांडून ठेवला आहे. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते. रोमन ‘आय’ हा एकच दांडा; त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहिली तर शब्द मध्येच फाटल्यासारखा दिसतो. रुंद सेरिफ दिल्याने तो दांडा आपली जागा भरतो आणि शेजाऱ्यापर्यंत पोचतो. 1950 च्या दशकात आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने आखलेल्या ‘कूरिअर’मध्ये हेच दिसते. म्हणजे आडवा पट्टा तीन कामे करतो: दुरून सांगाडा टिकवतो, अक्षराला ओळीत बसवतो आणि शेजाऱ्याशी जोडतो. आता मराठी शब्दाकडे पाहा. ‘कारखाना’ या शब्दात तीन काने आहेत, म्हणजे तीन उघडे उभे दांडे. तरी शब्द फाटत नाही, कारण माथ्यावरची रेघ सगळ्यांना एकत्र धरते. ओळीत बसवणे आणि जोडणे ही दोन कामे शिरोरेषा आधीच करते. पहिले काम, दुरून टिकण्याचे, ती किती जाड आहे यावर ठरते.

आणि ती जाड असणे हा देवनागरीच्या लेखणीचा मूळ स्वभाव आहे. रोमन अक्षरे घडवणारी रुंद टोकाची लेखणी साधारण तीस अंशांच्या तिरकेपणाने धरली जाई, त्यामुळे उभी रेघ जाड आणि आडवी त्याहून बारीक येई. फिगिन्सला आडवी रेघ मुद्दाम जाड करावी लागली ती याच वारशाच्या विरुद्ध जाऊन. आपला बोरू तिरका कापतात, साधारण पंचेचाळीस अंशांत. त्या कोनात उभी आणि आडवी रेघ जवळजवळ सारख्याच जाडीची उतरते. जाड-बारीकपणा दिसतो तो तिरप्या आणि वळणदार भागांत. ‘म’ हे अक्षर बोरूने काढून पाहिले तर हे लगेच समजते. माथ्याची रेघ आणि उजवा दांडा एकाच पट्टीतून कापल्यासारखे दिसतात, आणि डावीकडचा उतरता भाग व गाठ यांत मात्र रेघ हलकी-भारी होत जाते. लंडनच्या छापखान्याला जे नव्याने शोधावे लागले, ते इथल्या लेखणीत पहिल्यापासून होते. उलट शिरोरेषा बारीक करून दांडे फुगवण्याची शैली देवनागरीत आली ती रोमन लठ्ठ अक्षरांच्या अनुकरणातून. रंगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर ती सुंदर दिसू शकते. सिलतऱ्याच्या फाटकावर ती लावली तर पहिल्या वर्षातच माथा पुसट होऊन खाली सुटी अक्षरे लोंबत राहतील.

आता पायांचे पाहू. रोमन लिपीत अक्षराच्या तळाशी सहसा काही घडत नाही. ‘जी’, ‘पी’, ‘क्यू’, ‘वाय’ अशी मोजकी लहान अक्षरे ओळीखाली उतरतात. मोठ्या अक्षरांत तर तेही जवळपास नाही. तळ रिकामा असतो, म्हणून तिथे पट्टा ठेवायला हरकत नसते. देवनागरीत तळ हा अर्थाचा भाग आहे. र्‍हस्व उकार, दीर्घ ऊकार, ऋकार, हलन्त ही सगळी चिन्हे तिथेच, बहुतेक वेळा थेट दांड्याच्या टोकाला लागतात. ‘मत’ आणि ‘मृत’ यांतला फरक ‘म’च्या पायाशी ठरतो. ‘ट्र’, ‘ड्र’ यांसारख्या जोडाक्षरांत दुसरे व्यंजन खाली लटकते. अशा ठिकाणी प्रत्येक दांड्याला कायमचा चौकोनी पाय दिला तर वाचणाऱ्याच्या डोळ्याला दर वेळी ठरवावे लागेल की हा नुसता अलंकार आहे की चिन्ह. स्वच्छ कागदावर, हातभर अंतरावर ते सहज ठरते. धावत्या गाडीतून, भुकटी बसलेल्या पाटीवर ठरत नाही. शिवाय उकार लावायचा तर पाय काढावा लागतो, म्हणजे एकाच शब्दात काही दांड्यांना पाय आणि काहींना नाही. ज्या एकसारखेपणासाठी पट्टा आणला तोच मोडतो.

इथे एक चांगला आक्षेप येतो. तळ गजबजलेला म्हणता, पण माथा काय रिकामा आहे? मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, चंद्रबिंदू सगळे वरच असतात. खरे आहे, पण त्यांचे शिरोरेषेशी नाते वेगळे आहे. ती रेघेवर उभी राहतात; रेघ त्यांच्याखालून अखंड जाते. मात्रा आली म्हणून रेघ तोडावी किंवा वळवावी लागत नाही. जाड रेघ त्यांच्यासाठी अडथळा ठरत नाही, ओटा ठरतो. तिच्या जाडीमुळे वरच्या चिन्हांसाठी उंची कमी उरते ही अडचण खरी, म्हणून ठळक वळणात मात्रा आखूड आणि ताठ घ्याव्या लागतात. ती किंमत देण्यासारखी आहे.

या आक्षेपाचे अधिक धारदार रूप मात्र सहज टाळता येत नाही. शिरोरेषा काही अक्षरांत स्वतः अर्थ वाहते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्या पाहा. पहिल्यांत माथा डावीकडे तुटलेला असतो आणि तिथे छोटे वळण असते. दुसऱ्यांत माथा सलग असतो. ‘सावधान’ हा शब्द कारखान्याच्या पाटीवर सगळ्यांत महत्त्वाचा. माथ्याची रेघ जाड केली आणि ‘ध’च्या डोक्यावरची फट पुस्तकी वळणात असते तेवढीच ठेवली, तर रंग पसरून, भुकटी बसून ती बुजते आणि ‘सावघान’ उरते. छत्तीसगडात वजनकाट्याला धर्मकाँटा म्हणतात. त्याच्या पहिल्याच अक्षरावर हे संकट आहे. ‘भारी वाहन’मधला ‘भ’ गेला की ‘मारी’ होते. मग माथ्यावर वजन ठेवा हा सल्ला धोक्याचा नाही का? धोक्याचा आहे, जर वजन म्हणजे फक्त शाई असे मानले तर. ठळक अक्षर आखणाऱ्याचे अर्धे काम पांढऱ्या जागेचे असते. रेघ दुप्पट जाड झाली तर फटही त्याच प्रमाणात रुंद व्हायला हवी, आणि डावीकडचे वळण माथ्याच्या रेघेत विरघळू न देता स्पष्टपणे खाली ओढायला हवे. बरीच संगणकीय ठळक वळणे यात कमी पडतात, कारण मूळ अक्षराच्या रेघा फुगवून ती तयार केलेली असतात. फुगवताना काळे वाढते आणि पांढरे आपोआप घटते. अर्थ जिथे फटीवर अवलंबून आहे तिथे असे फुगवणे म्हणजे वाचणाऱ्याशी बेजबाबदारपणा आहे, मग गावात त्यामुळे अपघात होवो न होवो.

माथ्यावर वजन ही कल्पना आजच्या आखणीकाराची सोय म्हणून मी मांडत नाही. तिचा सर्वांत ठाम पुरावा सिलतऱ्याच्या आसपासच सापडलेला आहे, आणि तो सुमारे दीड हजार वर्षांचा आहे. पाचव्या-सहाव्या शतकात हा प्रदेश दक्षिण कोसल म्हणून ओळखला जाई. तिथल्या शरभपुरीय राजांचे ताम्रपट आरंग आणि रायपूर इथे मिळाले, नंतरच्या पांडुवंशी तीवरदेवाचा ताम्रपट राजिमला मिळाला. जॉन फेथफुल फ्लीटने 1888 मध्ये गुप्तकालीन लेखांचा जो खंड प्रसिद्ध केला त्यात महाजयराजाचा आरंग ताम्रपट, महासुदेवराजाचा रायपूर ताम्रपट आणि हा राजिमचा ताम्रपट, तिन्ही आहेत. तिघांची लिपी पेटिकाशीर्षक आहे. म्हणजे ब्राह्मीतून आलेल्या प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटा चौकोन, पेटीसारखा. त्याखाली सरळ दांडे आणि वळणांच्या जागी कोन. हीच लिपी विदर्भात वाकाटकांच्या लेखांत आहे. दुसऱ्या प्रवरसेनाचा अमरावती जिल्ह्यातला चम्मक ताम्रपट तिचे प्रसिद्ध उदाहरण. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी 1963 मध्ये वाकाटकांच्या लेखांचा खंड संपादित केला. त्यातले ठसे पाहिले की अक्षरांच्या ओळीवर चौकोनांची दुसरी ओळ चालल्यासारखी दिसते. चौकोनी, जाड, सगळ्या अक्षरांना सारखे टोक देणे हीच जर स्लॅब सेरिफची व्याख्या असेल, तर लंडनच्या सुमारे तेराशे वर्षे आधी ते मध्य भारतात होते. आणि ते पायाशी नव्हते.

या पेट्यांचे दोन प्रकार आढळतात, भरीव आणि पोकळ. जॉर्ज ब्यूलरने भारतीय पुरालिपीवरच्या 1896 च्या ग्रंथात याचा एक सुंदर तर्क केला आहे. भरीव चौकोन शाईने लिहिणाऱ्यांचा असावा आणि पोकळ चौकोन टोकदार लोखंडी लेखणीने ताडपत्रावर कोरणाऱ्यांचा, कारण सगळा चौकोन खरवडला तर पान फाटण्याची भीती. हा तर्क मला महत्त्वाचा वाटतो तो एका गोष्टीसाठी: साधन बदलले, पान बदलले, तरी लेखकाने माथ्यावरचा चौकोन सोडला नाही. भरता येईना तर त्याची नुसती कड काढली, पण तो ठेवलाच. नुसता दरबारी थाट म्हणून त्याच्याकडे पाहणारेही आहेत. दानपत्र हे राजाचे बोलणे, तेव्हा थाट असणारच. पण ताम्रपट ही जमिनीच्या हक्काची कागदपत्रेही होती, पिढ्यान्‌पिढ्या जपायची आणि वाद उठला की पुढे करायची. शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेल्या त्या सलग ओळींत प्रत्येक अक्षर कुठे सुरू होते हे पेटी सांगते. थाट आणि उपयोग एकाच चौकोनात मावले आहेत, आणि चांगल्या ठळक वळणात नेहमी असेच असते.

मात्र या पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच घ्यावे. आजची देवनागरी या पेटिकाशीर्षक लिपीची मुलगी नाही. तिची वाट उत्तरेकडच्या सिद्धमातृका आणि नागरी लिपींमधून आली; पेट्यांची लिपी मध्य भारतात काही शतके नांदून मागे पडली. म्हणून ‘आमच्याकडे स्लॅब सेरिफ आधीच होता’ अशी फुशारकी करण्यात हशील नाही. माझे म्हणणे वंशाबद्दल नाही, स्वभावाबद्दल आहे. ब्राह्मीकुळातल्या दोन वेगळ्या शाखांना जेव्हा अक्षर भारी करायचे होते तेव्हा दोघींनी ते वरच्या टोकाला केले. एकीने चौकोन केला, दुसरीने रेघ ओढली. खाली स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे लागणार हे दोघींना ठाऊक होते.

दुसरा आक्षेप लोखंडाकडूनच येतो. सिलतऱ्यासारख्या ठिकाणी लाटलेल्या सळईवर उत्पादकाचे नाव उठून आलेले असते. ती अक्षरे रोमन असतात आणि त्यांना सेरिफ सहसा नसतात. मग खऱ्या लोखंडी अक्षराला पट्टा लागत नाही, तर रंगवलेल्या पाटीला तो का हवा? उत्तर त्या अक्षराच्या जन्मात आहे. शेवटच्या रोलच्या खाचेत अक्षर उलटे कोरलेले असते. तापलेली सळई त्यातून जाताना धातू त्या खाचेत शिरतो आणि अक्षर वर येते. कोरणारे हत्यार जवळपास एकाच रुंदीची रेघ काढते, रोल झिजतो, आणि जितके कोपरे जास्त तितके ते लवकर बोथट होतात. शिवाय सळईच्या मानकात, आयएस 1786 मध्ये, लाटताना उमटवलेल्या खुणांची रचना आणि जागा अशी असावी की सळईच्या कामगिरीवर परिणाम होऊ नये, अशी अपेक्षा आहे. तिथे अक्षर हे बळकटीच्या हिशेबात पाहुणे आहे. ते जितके साधे तितके बरे. आणि ते वाचले जाते हातभर अंतरावरून, दुकानात किंवा बांधकामावर. पाटीचे अक्षर पन्नास पावलांवरून वाचायचे असते. लोखंडावरचे अक्षर आणि लोखंडाच्या गावातले अक्षर यांची कामे वेगळी आहेत, म्हणून त्यांची रूपेही वेगळी असावीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि म्हणून सर्वांत जोरकस. पाटी एकाच लिपीत नसते. वर हिंदी, खाली इंग्रजी. महाराष्ट्रात वर मराठी, खाली इंग्रजी. इंग्रजी ओळ जाड पायांच्या अक्षरात आणि देवनागरी ओळ बिनपायांची, तर दोन्ही एकाच घरातल्या वाटतील का? यावर गेल्या काही वर्षांतल्या खुल्या फाँट्सनी बरेच शिकवले आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘कर्मा’ हे एकाच कुटुंबात स्लॅब सेरिफ रोमन आणि देवनागरी देते. त्याच संस्थेचे ‘रोझा वन’ जाड-बारीक यांतला फरक टोकाला नेते. मुंबईच्या एक टाइपचे ‘मोदक’ तर अक्षराच्या पोटातली जागा चिरेएवढी करून दाखवते. ते मोठ्या आकारासाठी आहे आणि तिथे ते आनंद देते, पण ‘सावधान’ लिहायला ते कुणी घेऊ नये. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आखले गेले, आणि त्यात देवनागरीच्या ब्रशचा स्वभाव रोमन अक्षरांना लावला आहे, उलटे नाही. याच फाँटकडे मी या वादाचा निकाल म्हणून पाहतो. दोन लिप्यांचे नाते टोकांच्या आकारातून जुळवायची गरज नाही. रेघेची जाडी, काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण, कोपऱ्यांचा तीक्ष्णपणा या तीन गोष्टी जुळल्या की ओळी एकमेकींच्या शेजारी शोभतात. स्लॅब रोमनच्या पायाची जाडी मोजावी आणि तीच शिरोरेषेला द्यावी. डोळ्याला आडवी रेघ तेवढ्याच उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून ती दांड्याहून किंचित कमी ठेवावी; रोमन आखणीकारही हेच करतात. मग वरच्या ओळीचा माथा आणि खालच्या ओळीचे पाय एकाच वजनाचे होतात.

देवनागरीत अशा पाटीच्या वळणांची परंपरा खिळ्यांपेक्षा रंगाच्या डब्यात अधिक वाढली, यालाही कारण आहे. रोमन जाहिरातीचा एक संच करायचा तर सव्वीस मोठी अक्षरे, आकडे आणि थोडी विरामचिन्हे पुरत. देवनागरीच्या पेटीत जोडाक्षरे आणि मात्रांसह काही शे खिळे लागत. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि राणोजी रावजी आरूंच्या हातच्या ठशांनी मराठी-संस्कृत ग्रंथांना जे रूप दिले ते आजही आदर्श वाटते. पण ते ग्रंथांचे रूप होते. हातभर उंचीच्या अक्षरांचे तसे संच अनेक आकारांत करणे कुणाला परवडणारे नव्हते. म्हणून नाटकाची जाहिरात आली की ब्लॉक करण्यासाठी अक्षरे हाताने काढली जात. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकाराने या कामाला कलेची उंची दिली. दुकानाची पाटी पेंटर रंगवत असे. यातून एक फायदा झाला: या लोकांनी अक्षर शब्दागणिक आखले. ज्या शब्दात ‘ध’ आहे तिथे फट उघडी ठेवायला त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. संगणकावरच्या आखणीकाराला हीच सावधगिरी आता प्रत्येक अक्षरासाठी एकदाच, पण सगळ्या शब्दांचा विचार करून घ्यावी लागते, आणि ते काम पेंटरच्या कामाहून अवघड आहे.

शेवटी राहतो स्टेन्सिलचा प्रश्न, कारण मालाच्या गठ्ठ्यावर, टाकीवर, कारखान्याच्या भिंतीवर रंग मारायचा तर पत्र्यात अक्षरे कापून वापरणे स्वस्त पडते. अखंड शिरोरेषा इथे चालत नाही, आणि याचे कारण तंतोतंत सांगता येते. पत्र्यात माथ्याची लांब चीर पाडली की दोन अक्षरांमधली पत्र्याची जीभ वरून सुटते. ती फक्त खालच्या बाजूने धरलेली राहते, रंग मारताना वाकते आणि कड फाटते. ‘व’सारख्या अक्षराच्या पोटातला तुकडा तर सरळ गळूनच पडतो. म्हणून पोटाला पूल ठेवावे लागतात आणि माथा प्रत्येक अक्षरानंतर तोडावा लागतो, म्हणजे जीभ वरच्या पत्र्याला चिकटून राहते. तोडलेल्या माथ्याचा प्रत्येक तुकडा मग आखूड, जाड, चौकोनी टोकांचा असतो. काही जणांना हे देवनागरीचे मोडलेले रूप वाटते, आणि ते टाळण्यासाठी स्टेन्सिलमध्ये इंग्रजीच वापरावे असा सल्लाही दिला जातो. तो मानण्याचे कारण नाही. तुकड्यांमधली फट दांड्याच्या जाडीच्या निम्म्याहून कमी ठेवली तर शब्द एकत्र राहतो; ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या माथ्यावरची अर्थाची फट तिच्या किमान दुप्पट ठेवली तर दोन्ही फटींची गल्लत होत नाही; आणि काना आपल्या आधीच्या अक्षराच्या माथ्याला जोडलेला ठेवला तर पत्राही टिकतो आणि ‘सावधान’चे चारही भाग, ‘सा’, ‘व’, ‘धा’, ‘न’, आपापल्या भारी माथ्याखाली उभे राहतात.